तिकीट अर्धे, वाट अर्धवट

विशेष प्रतिनिधी, पुणे

आठवड्यातल्या कामाच्या कोणत्याही दिवशी सकाळी साडेसात-आठच्या सुमारास स्वारगेटच्या एसटी स्थानकावर उभे राहिले, की एक दृश्य हमखास दिसते. पाच-सहा जणांचा एक गट फलाटाच्या टोकाला जमलेला असतो. केस पांढरे, पायात मऊ तळव्याचे बूट, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत पोळी-भाजीचा डबा, गुडघ्याला लावायचा पट्टा, दुपारच्या गोळ्या आणि वरच्या कप्प्यात सहज हाती लागेल असे ठेवलेले आधार कार्ड. ही मंडळी लग्नाला निघालेली नसतात की रुग्णालयात. सासवडला, भोरला, जेजुरीला किंवा मोरगावला जायचे, देवदर्शन करायचे, झाडाखाली बसून डबा खायचा आणि दिवेलागणीपूर्वी घरी परतायचे, एवढाच त्यांचा बेत असतो.

निवृत्तांची ही एका दिवसाची सहल गेल्या काही वर्षांत ठळकपणे दिसू लागली आहे आणि तिचे श्रेय बऱ्याच अंशी एसटीच्या सवलतींना द्यावे लागेल. तिकिटाचा प्रश्न पुष्कळसा सुटला. परंतु संध्याकाळी हाच गट परत येतो, तेव्हा त्यातील स्त्रियांच्या हातातील पाण्याच्या बाटल्या पाहाव्यात. अनेकदा त्या सकाळी भरल्या होत्या तशाच असतात. ऊन नव्हते किंवा तहान लागली नव्हती, असे नाही. वाटेत आणि मुक्कामी स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नसल्याने त्यांनी दिवसभर पाणीच प्यायलेले नसते. ज्येष्ठांच्या सहलीसंबंधीचे आपले सारे धोरण या न प्यायलेल्या पाण्यापाशी येऊन थांबते.

सवलतींचा हिशेब

प्रथम जमेची बाजू पाहू. राज्य परिवहन महामंडळाने २६ ऑगस्ट २०२२ पासून ‘अमृत ज्येष्ठ नागरिक योजना’ सुरू केली आणि पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना राज्यभर एसटीचा प्रवास विनामूल्य झाला. ६५ ते ७५ या वयोगटाला निम्म्या तिकिटात प्रवास करता येतो. १७ मार्च २०२३ पासून ‘महिला सन्मान योजने’खाली सर्व वयाच्या स्त्रियांना तिकिटात ५० टक्के सवलत मिळाली. जानेवारी २०२५ मध्ये एसटीचे भाडे सुमारे १५ टक्क्यांनी वाढले, तेव्हा त्याची झळ या सवलतींमुळे ज्येष्ठांना तुलनेने कमी बसली. सत्तरीतील एखादे दाम्पत्य आज एका माणसाच्या तिकिटात जाऊन येऊ शकते. निवृत्तांच्या घरखर्चात याला मोठा अर्थ आहे.

तो अर्थ नीट समजून घ्यायचा, तर ‘पेन्शनरांचे पुणे’ ही जुनी प्रतिमा थोडी बाजूला ठेवावी लागेल. सरकारी नोकरीतून वा बँकेतून निवृत्त झालेला, महागाई भत्त्यासह निवृत्तिवेतन घेणारा पेन्शनर आजही या शहरात आहे. पण पिंपरी-चिंचवड, भोसरी, हडपसरच्या कारखान्यांत उमेद खर्ची घातलेला कामगारही आता निवृत्त झाला आहे. त्याचा आधार म्हणजे भविष्यनिर्वाह निधीशी जोडलेली १९९५ ची निवृत्तिवेतन योजना. या योजनेतील किमान निवृत्तिवेतन २०१४ मध्ये महिना एक हजार रुपये ठरविण्यात आले, यावरून तिच्या आवाक्याची कल्पना यावी. पहिल्या प्रकारचा पेन्शनर मुलाच्या मोटारीने किंवा सहल कंपनीच्या वातानुकूलित गाडीने जातो. दुसऱ्याला एसटीच गाठावी लागते. म्हणूनच सार्वजनिक वाहतूक आणि सार्वजनिक सोयी यांचा प्रश्न प्रामुख्याने या दुसऱ्या माणसाचा आहे.

या हिशेबात वजाबाकीही आहे. रेल्वेत साठी पूर्ण केलेल्या पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वर्षांवरील स्त्रियांना ५० टक्के सवलत मिळत असे. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत ती थांबविण्यात आली आणि साथ ओसरल्यानंतरही वर्षानुवर्षे तिची केवळ मागणीच होत राहिली. वयाची व्याख्याही सरकारी खात्यागणिक बदलते. राज्याच्या ज्येष्ठ नागरिक धोरणाने २०१८ मध्ये साठी हीच ज्येष्ठत्वाची सीमा मानली, एसटीची निम्म्या तिकिटाची सवलत मात्र पासष्टीला सुरू होते. नोकरी ५८ व्या किंवा ६० व्या वर्षी संपते. म्हणजे हातपाय धड असतात, हिंडण्याची हौस असते, त्या पहिल्या पाच-सात वर्षांत निवृत्त पुरुषाला पूर्ण तिकीट काढावे लागते.

केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांवरील तऱ्हा आणखी वेगळी. शनिवारवाडा असो की कार्ल्याची लेणी, पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य; वृद्धांसाठी मात्र वेगळी सवलत नाही. रक्कम मोठी नाही हे खरे. पण खिडकीपाशी उभ्या राहिलेल्या सत्तरीच्या माणसाला त्याच्या वयाची दखल कुठेच घेतलेली दिसत नाही.

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नये

सहलीची ठिकाणे सांगताना आपण पुण्यापासून इतके किलोमीटर असे सांगतो. तरुणांसाठी ते मोजमाप ठीक आहे. निवृत्तांसाठी अंतर पायऱ्यांमध्ये मोजावे लागते. त्या मापाने पुणे परिसराचा नकाशा अगदी निराळा दिसतो.

बिनपायऱ्यांची किंवा मोजक्या पायऱ्यांची ठिकाणे पुण्याजवळ कमी नाहीत. नगर रस्त्यावरील आगाखान पॅलेस हे त्यांतील पहिले. १८९२ मध्ये बांधलेल्या या वास्तूत ऑगस्ट १९४२ पासून मे १९४४ पर्यंत गांधीजी स्थानबद्ध होते. महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा या दोघांचेही निधन येथेच झाले आणि त्यांच्या समाध्या मागच्या आवारात आहेत. सपाट जमीन, जुनी झाडे, कमालीची शांतता. रामवाडीपर्यंतची मेट्रो मार्च २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून कल्याणीनगर स्थानकात उतरून इथे पोहोचता येते. स्थानकात उद्‌वाहन आहे, सरकता जिना आहे, स्वच्छतागृह आहे. अडचण सुरू होते ती स्थानकातून बाहेर पडल्यावर. तुटका पदपथ आणि नगर रस्त्याची अखंड वाहने ओलांडून जाण्याचा तो शेवटचा टप्पा, म्हणजे साधारण एक किलोमीटर, काठी टेकत चालणाऱ्याला साऱ्या मेट्रोप्रवासाहून लांब वाटतो.

सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधील ओकायामा येथील कोराकुएन बागेच्या धर्तीवर उभारलेले आहे. पाण्याकाठच्या वळणदार वाटा चढाशिवाय फिरता येतात. कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या आहेत. बुधवारी ते बंद असते, एवढे ध्यानात ठेवले की आजी-आजोबांना नातवंडांसह दिवस घालवायला याहून सोयीचे ठिकाण शहरात सापडणार नाही.

शहराबाहेर पडायचे तर पंचवीस किलोमीटरवर थेऊर आहे. अष्टविनायकांपैकी चिंतामणीचे हे स्थान मुळा-मुठेच्या काठी वसले आहे. थोरले माधवराव पेशवे यांनी नोव्हेंबर १७७२ मध्ये येथेच देह ठेवला. रमाबाईंच्या सतीचे स्मारक नदीकाठी आहे. नसरापूरजवळचे बनेश्वर साताऱ्याच्या वाटेवर, पुण्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळातील हे शिवालय झाडीत दडलेले असून चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेनंतर आलेली पोर्तुगीज घंटा तेथे आजही आहे. सासवडला सोपानदेवांची समाधी आणि संगमावरील संगमेश्वराचे दगडी मंदिर, मोरगावला तटबंदीतील मयूरेश्वर, ही सगळी गुडघ्यांना फारसा त्रास न देणारी ठिकाणे आहेत.

दुसऱ्या गटात पर्वती येते. तिच्या १०३ पायऱ्या ऐकून माणूस बिचकतो, पण त्या रुंद आणि कमी उंचीच्या आहेत. दहा-पंधरा पायऱ्यांनंतर थांबत, मागे वळून शहर पाहत चढणाऱ्या वृद्धांना पर्वती अजून दाद देते. जुन्या बांधकामात चढणाऱ्याच्या दमाचा विचार कसा केलेला असे, याचा हा नमुना आहे.

तिसऱ्या गटातील ठिकाणांची ओढ सर्वांत मोठी आणि वाट सर्वांत अवघड. जेजुरीचा गड, तीनशेच्या घरात पायऱ्या असलेली लेण्याद्री, पायथ्यापासून साडेतीनशेच्या आसपास पायऱ्यांची कार्ल्याची लेणी आणि एकवीरा. लेण्याद्रीला डोलीचा आधार आहे, पण चौघांच्या खांद्यावर बसून देवाकडे जाण्याचा संकोच अनेकांना वाटतो. परिणामी कुटुंब वर जाते आणि आजोबा पायथ्याच्या चहाच्या टपरीवर सामान सांभाळत बसतात. देशातील सर्वांत मोठे कोरीव चैत्यगृह आपल्या जिल्ह्यात असूनही ते पाहण्याचे वय निघून गेले, अशी खंत घेऊन जगणारी माणसे या शहरात घरोघरी आहेत.

सिंहगडाचा धडा

सिंहगड हे या साऱ्या प्रश्नाचे लहान रूप आहे. पुणेकराचा हा सर्वांत लाडका गड. तानाजी मालुसरे यांनी १६७० मध्ये प्राण वेचून घेतलेला, राजाराम महाराजांनी १७०० मध्ये जेथे अखेरचा श्वास घेतला तो, आणि लोकमान्य टिळकांचा बंगला जेथे आहे तोही हाच. पिठले-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातले दही यांशिवाय सिंहगडाची गोष्ट पुरी होत नाही. गाडीरस्ता दरवाजाजवळच्या वाहनतळापर्यंत जातो, त्यामुळे तत्त्वतः तो वृद्धांनाही खुला आहे. पण स्वतःचे वाहन नसेल, तर पीएमपीच्या बसने पायथा गाठायचा आणि तेथून दाटीवाटीच्या जीपमध्ये अंग चोरून घाट चढायचा, हीच वर्षानुवर्षांची रीत आहे.

मे २०२२ मध्ये ही रीत बदलण्याचा प्रयत्न झाला. खासगी वाहने पायथ्याशी थांबवून वर विजेवर चालणाऱ्या बस नेण्याचा निर्णय झाला. कल्पना उत्तम होती. गडावरील वाहनांची कोंडी आणि धूर कमी झाला असता आणि मोटार नसलेल्या निवृत्तालाही सन्मानाने वर जाता आले असते. परंतु अरुंद, वळणावळणाचा घाट आणि सुट्यांतील गर्दी यांच्या गणितात ही सेवा अडकली आणि काही दिवसांतच गुंडाळली गेली. खासगी वाहने पुन्हा वर जाऊ लागली.

यातून कोणता धडा घ्यायचा? सेवा बंद पडली तेव्हा चर्चा झाली ती चार्जिंगची, घाटाची आणि रांगांची. मोटार असलेल्यांची गैरसोय दूर झाली, म्हणून प्रश्न मिटला असे मानले गेले. मोटार नसलेल्या वृद्धाची जी सोय गेली, तिचा हिशेब कोणी मांडला नाही. ऐन उन्हाळी सुटीत सर्वांसाठी एकदम बंदी घालण्याऐवजी सोमवार ते शुक्रवार मोजक्या फेऱ्यांनी सुरुवात केली असती, तर कदाचित ही सेवा तग धरू शकली असती.

कुलूप लावलेले दार

गेल्या हिवाळ्यात प्रस्तुत प्रतिनिधी आपल्या आईला आणि मावशीला घेऊन जिल्ह्यातील एका प्रसिद्ध देवस्थानी गेला होता. दोघीही सत्तरी ओलांडलेल्या. एसटी वेळेवर आली, जागा मिळाली, वाहकाने हात देऊन वर घेतले. मंदिराच्या आवारात नवे, फरशी लावलेले स्वच्छतागृह होते. त्यावर उद्‌घाटनाची पाटी होती, दाराला कुलूप होते. किल्ली ज्यांच्याकडे होती ते तालुक्याला गेले होते. शेवटी समोरच्या घरातील एका वहिनींनी आत बोलावले, म्हणून निभावले. परतताना मावशी एवढेच म्हणाली, ‘पुन्हा नको रे बाबा.’ पायऱ्या तिने चढल्या होत्या, उन्हातही ती चालली होती. तिचे हिंडणे थांबले ते एका कुलपामुळे.

हा अनुभव अपवादात्मक नाही. मुंबईत स्त्रियांसाठी विनामूल्य आणि सुरक्षित मुतारी असावी, यासाठी २०११ पासून ‘राइट टू पी’ ही चळवळ चालली आणि तिच्यामुळे हा विषय निदान उघडपणे बोलला जाऊ लागला. सहलीच्या ठिकाणांपर्यंत ती चर्चा अद्याप पुरेशी पोहोचलेली नाही. वय वाढते तशी लघवी रोखून धरण्याची क्षमता कमी होते. मधुमेह, रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि पुरुषांमधील प्रोस्टेटच्या तक्रारी यांमुळे वारंवार जावे लागते. पाणी न पिण्याचा उपाय तर रोगापेक्षा वाईट. उन्हात त्याने चक्कर येते, रक्तदाब उतरतो आणि पाय घसरला की सहलीचा शेवट अस्थिरोगतज्ज्ञाकडे होतो. पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून धावते आहे आणि लोणावळ्याला जाण्याचा तो स्वस्त व सुखाचा मार्ग आहे. पण लोकलच्या डब्यात स्वच्छतागृह नसते, म्हणून सव्वा तासाचा हा प्रवासही अनेक वृद्ध टाळतात.

दुसरी गरज बसण्याची. सत्तरीच्या माणसाला शंभर-दीडशे पावलांनंतर टेकायला जागा हवी असते. आपल्या पर्यटनस्थळी प्रतिकृती, कमानी आणि छायाचित्र काढण्यासाठी उभारलेली रंगीत अक्षरे आढळतात, पण सावलीतला बाक शोधावा लागतो. तिसरी गरज कठड्याची. पायऱ्या चढताना दम लागतो, पण खरी भीती उतरताना वाटते. एका बाजूला हाताला धरायला पाइप असला, तर जी माणसे खाली थांबतात त्यांतील निम्मी वर जातील, असे कोणत्याही ज्येष्ठ नागरिक संघात ऐकायला मिळते. चौथी गरज परतीच्या बसची. जाणारी बस मिळते. येणारी कधी आणि कुठे थांबते, हे सांगणारा फलक नसतो. तरुण माणूस हात करून एखादी गाडी थांबवतो. म्हाताऱ्या माणसाला अंधार पडायच्या आत घरी पोहोचायचे असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये वृद्धस्नेही शहरांविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्यातील आठ विषयांत पहिला मोकळ्या जागा व इमारतींचा आणि दुसरा वाहतुकीचा आहे. बाक, स्वच्छतागृह, चालण्याजोगा पदपथ यांचा तिच्यात ठळक उल्लेख आहे. म्हणजे हे काही नवे शास्त्र नव्हे.

तीस हजार आणि एक पाइप

राज्य सरकारला ज्येष्ठांच्या प्रवासाची काळजी नाही, असे म्हणता येणार नाही. २०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना’ जाहीर झाली. साठी पूर्ण केलेल्या आणि वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या नागरिकाला एका तीर्थयात्रेसाठी कमाल तीस हजार रुपयांपर्यंतचा खर्च देण्याची तरतूद तीत आहे. त्याच वर्षीच्या ‘मुख्यमंत्री वयोश्री योजने’त पासष्टीपुढील गरजूंना चष्मा, काठी, कमरेचा पट्टा अशा साधनांसाठी तीन हजार रुपये देण्याचे ठरले. राज्याच्या २०२४ च्या पर्यटन धोरणाने तर दहा वर्षांत एक लाख कोटी रुपयांच्या गुंतवणुकीचे लक्ष्य ठेवले.

या तिन्ही निर्णयांमागील हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र त्यांची दिशा पाहण्यासारखी आहे. पैसा व्यक्तीच्या हाती किंवा प्रकल्पाच्या पदरी पडतो. जागेवर, म्हणजे जिथे म्हातारा माणूस प्रत्यक्ष पाय ठेवणार तिथे, तो क्वचितच पोहोचतो. काठीसाठी पैसे मिळतात, पण काठी टेकायची पायरी तुटकीच राहते. आयुष्यात एकदा दूरच्या तीर्थाला नेण्याची तयारी आहे, पण महिन्यातून एकदा जवळच्या मंदिरात जाता यावे म्हणून लोखंडी पाइप बसविण्याची योजना नाही. याचे कारण उघड आहे. लाभार्थ्यांची यादी करता येते, रेल्वेला हिरवा झेंडा दाखविता येतो. कठड्याचे आणि बाकाचे श्रेय कोणाच्या नावावर मांडायचे? शिवाय ही ठिकाणे देवस्थान ट्रस्ट, ग्रामपंचायत, वनखाते, पुरातत्त्व खाते आणि बांधकाम खाते यांच्यात वाटलेली असतात. मंदिर एकाचे, वाट दुसऱ्याची, बसथांबा तिसऱ्याचा. कुलपाची किल्ली नेमकी या तिघांच्या मधे कुठेतरी हरवते.

रविवारची गर्दी, मंगळवारची शांतता

हा विषय केवळ दयाबुद्धीचा नाही. त्याला व्यवहाराची बाजूही आहे. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला आणि चौघांचा बळी गेला. तो रविवार होता. त्याआधी ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळ एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले. तोही रविवारच. पुणे परिसरातील पर्यटनाचे मुख्य दुखणे हेच, की सारे शहर एकाच दिवशी बाहेर पडते. रविवारी वाहनांच्या रांगा लागतात आणि मंगळवारी त्याच ठिकाणचा चहावाला माशा मारत बसतो.

ज्याला सुटीची वाट पाहावी लागत नाही असा एकच मोठा वर्ग समाजात आहे आणि तो म्हणजे निवृत्तांचा. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या लोकसंख्येत साठीपुढील व्यक्तींचे प्रमाण सुमारे १० टक्के, म्हणजे एक कोटी दहा लाखांच्या घरात होते. ही संख्या त्यानंतर वाढलीच आहे. हा वर्ग कामाच्या दिवशी बाहेर पडला, तर एसटीच्या रिकाम्या आसनांचा उपयोग होतो, भाकरी विकणाऱ्या गावकऱ्यांना आठवडाभर गिऱ्हाईक मिळते आणि ठिकाणावरचा ताणही वाढत नाही. अशी साधी सांगड आपल्याला घालता आलेली नाही. पीएमपीने २०२३ मध्ये जेजुरी, मोरगाव, रामदरा, थेऊर अशा ठिकाणांसाठी वातानुकूलित पर्यटन बस सुरू केल्या, हे पाऊल स्तुत्यच. पण त्या आखल्या गेल्या शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवसांसाठी. म्हणजे ज्या दिवशी ज्येष्ठांनी घरी थांबणे श्रेयस्कर, नेमक्या त्याच दिवशी.

रोप-वे हवेत, पण…

अवघड जागांसाठी यांत्रिक सोयी कराव्यात का, यावर मतभेद आहेत. रायगडाचा रोप-वे १९९६ पासून चालू आहे. त्यामुळे चौदाशेहून अधिक पायऱ्या चढू न शकणाऱ्या असंख्यांना शिवछत्रपतींच्या समाधीचे दर्शन घडले. नाशिक जिल्ह्यातील सप्तशृंगीगडावर २०१८ मध्ये फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली. केंद्राच्या पर्वतमाला योजनेखाली राज्यात आणखीही रोप-वे प्रस्तावित आहेत. दुसरीकडे, जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत पुणे जिल्ह्यातील शिवनेरी, लोहगड आणि राजगड आहेत. अशा ठिकाणी प्रत्येक कड्यावर तारा ओढल्या तर जे पाहायला जायचे तेच उरणार नाही, ही दुर्गप्रेमींची भीती अनाठायी म्हणता येत नाही. सगळे किल्ले सगळ्यांना चढता आले पाहिजेत, असा हट्ट कोणी ज्येष्ठही धरत नाहीत. कोल्हापूरजवळचा पन्हाळा याच यादीत आहे आणि तेथे थेट गडात गाडी जाते. ज्यांना राजगड झेपत नाही, त्यांच्यासाठी पन्हाळ्याची वाट नीट ठेवणे हा शहाणपणाचा मार्ग ठरेल.

माथेरानचे उदाहरणही या संदर्भात आठवते. मोटारींना मज्जाव असलेल्या या गिरिस्थानी वृद्धांना माणसाने ओढायच्या रिक्षेत बसावे लागे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अमानुष प्रथा सहा महिन्यांत थांबवून तिच्या जागी ई-रिक्षा आणण्याचा आदेश दिला. एकाच्या सोयीसाठी दुसऱ्याने जनावरासारखे राबू नये आणि सोय मात्र कायम राहावी, असा मार्ग काढता येतो, हे त्यातून दिसले. गडाचे पावित्र्य आणि म्हाताऱ्याचे गुडघे यांतही असाच मध्यम मार्ग काढता येईल.

काय करता येईल

त्यासाठी फार मोठ्या निधीची गरज नाही. जिल्हा नियोजन समितीने पहिल्या टप्प्यात बिनपायऱ्यांची आणि कमी पायऱ्यांची दहा ठिकाणे निवडावीत. प्रत्येक ठिकाणी दिवसभर उघडे राहणारे स्वच्छतागृह, दर शंभर पावलांवर बाक, पायऱ्यांना एका बाजूने कठडा, पिण्याचे पाणी आणि परतीच्या बसचे ठळक अक्षरांतील वेळापत्रक, एवढ्या पाच गोष्टी कराव्यात. स्वच्छतागृहाची देखभाल तेथील महिला बचत गटाला मोबदला देऊन सोपवावी, म्हणजे किल्ली गावातच राहील. पायथ्याशी पायऱ्यांची संख्या आणि मधल्या विसाव्याच्या जागा लिहिलेला फलक लावावा. माणसाला स्वतःच्या शक्तीचा अंदाज घेऊ द्यावा. एसटी आणि पीएमपी यांनी मंगळवार ते गुरुवार सकाळी आठला सुटणारी आणि संध्याकाळी पाचला परतणारी एकेक फेरी ज्येष्ठ नागरिक संघांशी बोलून ठरवावी. आणि सवलतीचे वय निवृत्तीच्या वयाशी जुळवून घ्यावे.

ज्येष्ठांनीही काही पथ्ये पाळायला हवीत. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्यांचा मोह टाळावा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. गोळ्यांची चिठ्ठी आणि घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक खिशात असावा. एकट्याने जाण्यापेक्षा चौघांनी जावे. आणि मुख्य म्हणजे पाणी प्यावे.

हे शेवटचे सांगणे सोपे आहे, पण त्याची जबाबदारी ज्येष्ठांवर टाकून मोकळे होता येणार नाही. मुले परदेशी किंवा परगावी, जोडीदार गेलेला, दिवस दूरचित्रवाणीसमोर संपत नाही, अशा घरांची संख्या शहरात वाढत असताना महिन्यातून एक दिवस बाहेर पडणे ही चैन राहिलेली नाही. पुढची सहल कुठे, या प्रश्नावर अनेकांचा आठवडा उभा असतो. सरकारने त्यांना बसमध्ये बसवले, हे चांगलेच झाले. आता बसमधून उतरल्यावरच्या वाटेचे पाहायला हवे. स्वारगेटला संध्याकाळी परतणाऱ्या त्या बाटल्या रिकाम्या दिसू लागतील, तेव्हा हे काम झाले असे समजावे.